प्रतिसाद: वाशी मार्केट ते दादर भाजी वाहतूक, छोटा हत्ती पेट्रोल की सुपर कॅरी सीएनजी?

दादा, तुमचा माल रोज ३५ क्रेट टोमॅटो. क्रेटसकट २२ किलो धरले तरी ७७० किलो होतात. मारुतीच्या सुपर कॅरी सीएनजीची वहनक्षमता ६२५ किलो, तीच गाडी पेट्रोलवर ७४० किलो. फरक का, तर गॅसच्या सिलिंडरचं वजन भारातून वजा होतं. छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस, गोल्ड पेट्रोल ७५० किलो, म्हणजे तोही काठावरच. शिवाय काट्यावर गाडी माणसांसकट मोजली जाते. म्हणून जाहिरात बाजूला ठेवा, आरसीवरच्या (नोंदणी प्रमाणपत्रावरच्या) लेडन, म्हणजे भरल्या गाडीच्या वजनातून अनलेडन, म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन वजा करा आणि त्यातून ड्रायव्हर-हेल्परचे दीडशे किलो काढा.

एका खेपेतच माल न्यायचा असेल तर माझं मत स्पष्ट आहे: टाटाची इंट्रा व्ही३० डिझेल, वहनक्षमता १३०० किलो. हप्ता जास्त बसेल, पण रोज जादा भार घातला की आधी मागच्या कमानीची (लीफ स्प्रिंगची) पानं बसतात, मग टायर कडेने झिजतात, आणि पुलाच्या चढावर हाफ क्लच धरून क्लचप्लेट जळते.

दोन खेपा परवडत असतील तर मात्र सुपर कॅरी सीएनजीच. इंजिन चार सिलिंडरचं, १.२ लिटर, हत्तीचं दोन सिलिंडरचं, त्यामुळे थरथर जास्त. पहाटे पंपावरच्या रांगेचा वेळ धरा. गॅस सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर ३ वर्षांनी, नाहीतर गॅस भरून देत नाहीत.

हौद्याला आतून गंजरोधक रंग पहिल्याच आठवड्यात मारा. भाजीचं पाणी आणि आपली खारी हवा पत्रा सांध्यातून खाते.