हॉर्सलिप्सने १९७८ मध्ये फिडल मागे सारलं, ते बरंच केलं!

अनवट

हॉर्सलिप्स या आयरिश रॉक बँडचं नाव निघालं की गप्पा १९७३ च्या 'द टॉइन'पासून सुरू होतात आणि १९७६ च्या 'द बुक ऑफ इन्व्हेजन्स'पाशी संपतात. त्यापुढच्या रेकॉर्ड म्हणजे जणू घराण्याला बट्टा. माझं मत नेमकं उलट आहे, म्हणून हा धागा. १९७८ ची 'द मॅन हू बिल्ट अमेरिका' हा या बँडचा सगळ्यात प्रामाणिक प्रयोग आहे असं मला वाटतं.

ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डब्लिन, १९७०. एका जाहिरात कंपनीतल्या तिघांना बिअरच्या जाहिरातीसाठी बँडचं सोंग घ्यावं लागलं. सोंग इतकं आवडलं की खराच बँड काढला. एमन कार ड्रमवर, बॅरी डेव्हलिन बेसवर, चार्ल्स ओ'कॉनर फिडल (म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन), मँडोलिन आणि कॉन्सर्टिनावर. की-बोर्ड आणि बासरीला जिम लॉकहार्ट, आणि गिटारवर पुढे जॉनी फीन आला. त्या काळात आयर्लंडच्या डान्स हॉलमध्ये शोबँडची चलती होती: एकसारखे सूट, परदेशी हिट गाण्यांच्या हुबेहूब नकला. हे लोक त्याच हॉलमध्ये स्वतःची गाणी घेऊन घुसले, आणि रेकॉर्डही स्वतःच्याच 'ओट्स' या लेबलवर काढल्या. 'द टॉइन'मध्ये अल्स्टरच्या दंतकथेतली, एका बैलापायी पेटलेली लढाई आहे. त्यातल्या 'जॅरग डूम'चा गिटारचा तुकडा 'ओ'नील्स मार्च' या जुन्या चालीतून उचललेला आहे. इथवर सगळे माना डोलावतात.

आता पुढचं बघा. 'बुक ऑफ इन्व्हेजन्स' ही आयर्लंडमध्ये बाहेरून आलेल्या पुराणकाळच्या टोळ्यांची गोष्ट. १९७७ ची 'एलियन्स' ही आयर्लंडमधून बाहेर गेलेल्यांची. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळाने देश रिकामा केला. १८४१ च्या जनगणनेत साधारण ८२ लाख माणसं होती, १८५१ मध्ये साडेपासष्ट लाख. सुमारे दहा लाख मेली, तितकीच किंवा त्याहून जास्त जहाजात बसली. आणि १९७८ च्या रेकॉर्डमध्ये ती माणसं अमेरिकेत पोचलेली आहेत. म्हणजे तीन रेकॉर्डमध्ये कथा पुराणातून बंदरावर आणि बंदरावरून परदेशी शहरात येते. मग आवाज का येऊ नये? गिटार पुढे, कोरस मोठे, रेडिओवर लागतील असे, फिडल मागे. ज्याचं गाव सुटलं त्याच्या कानात गावाची चाल इतकीच उरणार. भिंतीपलीकडे चालू असल्यासारखी.

पांढरी_पाच

लेख वाचायला छान आहे, पण हे 'विषयाची गरज' प्रकरण नंतर सुचलेलं समर्थन आहे.

पहिली गोष्ट, त्या रेकॉर्डचा निर्माता कोण? स्टीव्ह कॅट्झ, 'ब्लड, स्वेट अँड टिअर्स' या बँडवाला, अमेरिकन. बँडचे अमेरिका दौरे झाले होते, तिकडची बाजारपेठ समोर दिसत होती. अमेरिकन निर्माता घेतला की अमेरिकन रेडिओचा आवाज येतो. त्याला स्थलांतरितांचं दुःख लागत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. अमेरिकेत गेलेल्या आयरिश माणसाच्या कानात चाल 'भिंतीपलीकडे' उरली, हे कुठून काढलंत? इतिहास अगदी उलट सांगतो. फ्रान्सिस ओ'नील नावाचा कॉर्कचा माणूस शिकागोचा पोलीसप्रमुख झाला. नोकरी सांभाळून शिकागोतल्या आयरिश वादकांकडून त्याने चाली गोळा केल्या आणि १९०३ मध्ये १,८५० चालींचा संग्रह छापला. आजही आयर्लंडमधले वादक तो उघडून बसतात. मायकल कोलमन हा स्लायगोचा फिडलवादक न्यूयॉर्कला गेला. १९२० च्या दशकात तिथे त्याच्या ७८ च्या तबकड्या निघाल्या, त्या बोटीने मायदेशी परत आल्या आणि घराघरांत लोक त्याच्यासारखं वाजवायला लागले. स्लायगोची ढब देशभर पसरली ती न्यूयॉर्कमार्गे!

म्हणजे स्थलांतरितांचा खरा आवाज हवा असेल तर फिडल दुप्पट मोठ्याने वाजायला हवं होतं. हॉर्सलिप्सकडे फिडल होतं, वाजवणारा होता. त्याला मागे बसवलं. का, ते मी वर सांगितलं.

वाचनमात्र

मी यातलं एकही गाणं ऐकलेलं नाही. तरी पांढरी पाच यांना +१. चालू द्या.

अनवट

@पांढरी_पाच, ओ'नील आणि कोलमन यांचा मुद्दा वजनदार आहे. पण ते दोघे वादक होते. जहाजात बसलेल्या लाखोंपैकी किती जणांकडे फिडल होतं? उपाशी माणसाने ते आधी विकलं असणार. ओ'नीलला चाली *गोळा* कराव्या लागल्या, यातच आलं की त्या हातातून निसटत होत्या. हॉर्सलिप्सची रेकॉर्ड ज्याच्याबद्दल आहे तो माणूस रेल्वेचे रूळ टाकतोय, शहरं बांधतोय. त्याचा नातू १९७८ मध्ये रेडिओवर रॉक ऐकतोय.

आणि बाजारपेठेचं म्हणाल तर पोटासाठी अमेरिका गाठणाऱ्या लोकांवरची रेकॉर्ड करायला बँडने अमेरिकेकडे बघितलं, यात मला विसंगती दिसत नाही.

खर्जातला

दोघेही चुकीच्या साली भांडताय. बिघाड १९७८ मध्ये झाला नाही, १९७२ च्या पहिल्याच रेकॉर्डमध्ये झाला.

रील, म्हणजे आयरिश नाचाची चाल, चार मात्रांत चालते, पण फिडलवाला ती सरळ वाजवत नाही. गजाच्या दाबाने काही स्वर किंचित लांबतात, काही आखडतात, त्यातून चालीला एक उचल येते. नाचणाऱ्याचे पाय त्या उचलीवर पडतात. आता तिच्याखाली ड्रमचा संच लावा आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर स्नेअर हाणा. उचल गेली. स्वर तेच, चाल तीच, पण ती आता जमिनीला खिळलेली. शिवाय फिडलवरचे बारीक अलंकार, एका स्वराला वरून-खालून शिवून येणारे, विकृत आवाजाच्या गिटारवर ऐकूच येत नाहीत.

ड्रमशिवाय जोर येत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी त्याच काळातले प्लँक्स्टी ऐकावेत, आणि दोनेक वर्षांनी आलेला बॉथी बँड, दोन्ही पारंपरिक चाली वाजवणारे. एकाकडेही ड्रमसेट नाही. तरी बॉथी बँडची रील सुटली की खुर्चीत बसवत नाही. तेव्हा अमेरिकेला दोष देऊ नका. चालीला रॉकच्या चौकटीत बसवलं तेव्हाच तिचं हाड मोडलं होतं, १९७८ मध्ये फक्त प्लास्टर काढलं.

काळी_चार

@खर्जातला, हाडाचा विषय काढलात म्हणून विचारते. प्लँक्स्टीमध्ये बुझुकी हे तंतुवाद्य वाजतं ना? ते कुठलं? ग्रीसचं. साठच्या दशकात जॉनी मॉयनिहानने बुझुकी आयर्लंडमध्ये आणली, पुढे अँडी अर्व्हाइन आणि डोनल लनी यांनी ती रुळवली. आणि बोधरानला, म्हणजे डफासारख्या आयरिश चर्मवाद्याला, मैफलीत मानाची जागा कधी मिळाली? शॉन ओ रिआदा या संगीतकाराने साठच्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या वाद्यवृंदात आणला तेव्हा. त्याच वृंदात तो स्वतः हार्प्सिकॉर्ड हे जुनं युरोपी कळवाद्यही वाजवायचा. म्हणजे तुम्ही ज्याला हाड म्हणता ते तुमच्या 'बिघाडा'पेक्षा जेमतेम दहा-बारा वर्षांनी जुनं. आणि हॉर्सलिप्सचा फिडलवाला ओ'कॉनर? जन्म इंग्लंडमधल्या मिडल्सब्रोचा.

आपल्याकडे हे नाटक होऊन गेलंय. पेटी परदेशी, तिच्यावर मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, म्हणून आकाशवाणीने १९४० मध्ये तिला बाहेर काढलं आणि पुढची तीन दशकं आत घेतलं नाही. आक्षेप तांत्रिकदृष्ट्या शंभर टक्के खरे होते. पण तोवर गोविंदराव टेंब्यांनी ती वाजवून झाली होती, आणि बालगंधर्वांचं नाट्यगीत पायपेटीच्या सुरावर महाराष्ट्रभर पोचलं होतं. आज पेटी नसेल तर आपल्याला ते गाणं अपुरं वाटतं. तुमचा ड्रमवरचा आक्षेपही खरा असेल. त्याने निकाल लागत नाही.

खर्जातला

काळी चार ताई, बुझुकी चालीच्या *मागे* उभी राहते. पेटीही गायकाच्या मागे. दोघींनी कधी गाणाऱ्याला सांगितलं नाही की तू माझ्या ठेक्यात ये. ड्रम सांगतो. आलेलं वाद्य परदेशी आहे की देशी, याने मला काही फरक पडत नाही. कोण कुणाच्या मागे चालतंय एवढंच मी बघतो.

लिफीकाठचा

डब्लिनला राहतो म्हणून दोन गोष्टी.

इथे पन्नाशीच्या पुढच्या कुणालाही 'जॅरग डूम'चा तो गिटारचा तुकडा तोंडाने वाजवून दाखवा, चेहरा उजळतो. पण कारण बहुतेकदा १९७३ नसतं, १९९० असतं. आयर्लंड पहिल्यांदा फुटबॉलच्या विश्वचषकाला गेला, इटलीत, आणि थेट उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचला. तेव्हा संघासाठी जे गाणं निघालं ते यू-टूच्या लॅरी मलनने रचून घेतलं होतं आणि त्यात हाच तुकडा होता. म्हणजे एक जुनी मार्चची चाल, तिच्यावर १९७३ ची गिटार, तिच्यावर १९९० चं स्टेडियम. खर्जातला म्हणतात ते हाड मोडलेलं असेल तर बरंच पळालं म्हणायचं.

मात्र अनवट, १९७८ च्या रेकॉर्डमधलं काही कुणी असं उचललेलं माझ्या तरी ऐकण्यात नाही. चाल होती म्हणून उचलता आली. नुसता कोरस कोण उचलणार?

दुसरं म्हणजे हॉर्सलिप्स फक्त आवाजासाठी लक्षात नाहीत. जुलै १९७५ मध्ये, कॅथलिक-प्रोटेस्टंट संघर्षाच्या काळात, उत्तर आयर्लंडमध्ये मायामी शोबँडच्या गाडीवर हल्ला झाला, तिघे वादक मारले गेले. त्यानंतर दक्षिणेतले बरेच बँड उत्तरेत जायला बिचकायचे. हॉर्सलिप्स जात राहिले. त्यांचा शेवटचा कार्यक्रमही बेलफास्टच्या अल्स्टर हॉलमध्येच झाला, १२ ऑक्टोबर १९८० ला. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट, दोन्हीकडच्या पोरांना एकाच हॉलमध्ये नाचवायचं असेल तर रॉकचा ठेका कामाचा असतो, नुसत्या पारंपरिक बैठकीने ते झालं नसतं. हे ड्रमच्या बाजूने.

पांढरी_पाच

@लिफीकाठचा, 'नुसता कोरस कोण उचलणार' हे अगदी पटलं. माझं म्हणणं तेच आहे.

@काळी_चार, तुमच्या युक्तिवादाने सगळंच चालतं. उद्या फिडल, पाइप, बासरी सगळं काढलं तरी 'पेटीलाही लोक बोलले होते' म्हणून गप्प बसायचं का? पेटी *आली*, म्हणजे गाण्यात भर पडली. १९७८ मध्ये बाहेर काय गेलं ते बघा. प्रयोग कसा करतात ते बघायचं तर मूव्हिंग हार्ट्स ऐका. १९८१ मध्ये आले. ड्रम आहेत, बेस आहे, सॅक्सोफोनसुद्धा आहे, आणि डेव्ही स्पिलेनचे इलन पाइप (आयरिश बॅगपाइप) सगळ्यांच्या पुढे उभे. १९८५ ची त्यांची 'द स्टॉर्म' ही पूर्ण वाद्यसंगीताची रेकॉर्ड घ्या. सॅक्सोफोन पाइपच्या खांद्याला खांदा लावून चालतो आणि चाल कुठेही लपत नाही. नवा आवाज म्हणतात तो असा.

काळी_चार

मूव्हिंग हार्ट्सबद्दल वाद नाही. पण आधी कुणीतरी हॉलमध्ये ड्रम आणि फिडल एकत्र उभे करून दाखवले म्हणून दहा वर्षांनी पाइप आणि सॅक्सोफोन उभे राहू शकले, हेही लिहा की.

अनवट

मूव्हिंग हार्ट्स मलाही प्रिय आहेत. पण 'द स्टॉर्म'मध्ये शब्द नाहीत. हॉर्सलिप्सला गोष्ट सांगायची होती, आणि गोष्ट सांगताना चाल सतत पुढे उभी असेल तर गाणारा गुदमरतो. 'द टॉइन'मध्येच ऐका: कथा कळायला कव्हरवरचा मजकूर वाचावा लागतो. १९७८ मध्ये तो लागत नाही. शीर्षकगीत ऐकलं की माणूस कळतो.

आणि हा बँड चाल टाकून द्यायला टपला होता असं चित्र रंगवू नका. १९७५ मध्ये 'द अनफॉर्च्युनेट कप ऑफ टी'ने रॉकवाल्या चाहत्यांचीही निराशा केली, तेव्हा त्याच वर्षी त्यांनी 'ड्राइव्ह द कोल्ड विंटर अवे' काढली. विजेचं वाद्य जवळपास नाही, सगळ्या पारंपरिक चाली. पुढच्याच वर्षीच्या 'बुक ऑफ इन्व्हेजन्स'मध्ये रडवणारं, हसवणारं आणि निजवणारं असे आयरिश संगीताचे तीन जुने प्रकार घेऊन तिचे तीन भाग केले. ती ब्रिटनच्या रेकॉर्डविक्रीच्या यादीत पहिल्या चाळिसांत पोचली. त्या यशानंतर तेच पुन्हा करणं सगळ्यात सोपं होतं. बाजार बघणाऱ्याने तेच केलं असतं.

पांढरी_पाच

बाजार बघणाऱ्याने *ब्रिटनचा* बाजार बघितला असता तर. बरं, तेही सोडा. १९७९ ची 'शॉर्ट स्टोरीज, टॉल टेल्स' घ्या. तिथे ना दंतकथा, ना जहाज, ना अमेरिकेची गोष्ट. आवाज मात्र १९७८ चाच, उलट अजून सपाट. विषयामुळे फिडल मागे गेलं होतं तर विषय संपल्यावर परत का आलं नाही?

अनवट

१९७९ च्या रेकॉर्डची बाजू मी घेणार नाही, धाग्याच्या शीर्षकात साल मुद्दाम लिहिलंय. एखादा आवाज एका गोष्टीला शोभला आणि मग सवय म्हणून राहिला, असं होतं. त्याचा दोष पहिल्या गोष्टीवर का?

लिफीकाठचा

फिडल परत का आलं नाही याचं अर्धं उत्तर अल्स्टर हॉलमध्ये आहे. शेवटचा कार्यक्रम आहे हे त्यांनी आधी जाहीर केलं नव्हतं. वन्स मोअरला रोलिंग स्टोन्सचं 'द लास्ट टाइम' वाजवलं, आणि ओ'कॉनरने दहा वर्षं वापरून मोडकळीला आलेलं फिडल प्रेक्षकांत भिरकावलं.

पांढरी_पाच

बघा. गिटार नाही फेकली.

खर्जातला

आणि २००४ मध्ये पुन्हा एकत्र आल्यावर 'रोल बॅक' काढली ती कशी? जुनीच गाणी, विजेच्या वाद्यांशिवाय. मी म्हणतो ते त्यांना चोवीस वर्षांनी पटलं.

अनवट

त्यात 'द मॅन हू बिल्ट अमेरिका'ही आहे, खर्जातला. एकदा ती दोन्ही रूपं लागोपाठ ऐका आणि मग सांगा, कोरस उचलण्यासारखा आहे की नाही.