मुरमाच्या भरावाची दबाई १०४ टक्के? चूक कुठे असेल?

सिव्हिल तिसरं वर्ष, लातूर
प्रोजेक्टसाठी मुरमाच्या भरावावर सँड रिप्लेसमेंट केली, म्हणजे खड्डा खणून त्यात वाळू भरून घनफळ मोजायची चाचणी. खड्ड्यातला ओला मुरूम २४२० ग्रॅम. उपकरणाच्या कोनातली (शंकूतली) वाळू वजा करून खड्ड्यात गेलेली वाळू १७४० ग्रॅम, वाळूची घनता १.४८ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर (घसेमी). कार्बाइड मीटरवर (कॅल्शियम कार्बाइडने ओलावा मोजायचं यंत्र) ओलावा १२ टक्के. कोरडी घनता १.८४ निघाली. लॅबमधली एमडीडी (कमाल कोरडी घनता) १.७७, म्हणजे १०४ टक्के दबाई. शंभराच्या वर जाते का? आणि कॉलेजात ९५ टक्के सांगतात, साइटवर ९७ मागतात, खरं काय धरायचं? पुढच्या आठवड्यात शेजारच्या काळ्या मातीच्या बांधावर कोअर कटर (ठोकून मातीचा नमुना काढायचा नळा) लावायचाय. मुरमात ठोकून बघितला तर त्याची धार वाकली.

खडी-मुरूम
शंभराच्या वर जाऊ शकते, पण तुझ्या आकड्यांत दोन घोळ दिसतात.

पहिला ओलाव्याचा. कार्बाइड मीटरचा काटा ओल्या वजनावर टक्केवारी दाखवतो, आपल्याला लागते कोरड्या वजनावर. १२ ला ८८ ने भाग, १३.६ टक्के येतात. खड्ड्याचं घनफळ १७४० ÷ १.४८ = ११७६ घसेमी, ओली घनता २.०५८, ती १.१३६ ने भागली की कोरडी घनता १.८१. इथेच दीड टक्का गेला.

दुसरा घोळ मोठा. १.७७ ही एमडीडी हलक्या प्रॉक्टरची (लॅबमध्ये माती ठोकून एमडीडी काढायची चाचणी) असावी, म्हणजे भारतीय मानक आयएस २७२० भाग ७: २.६ किलोचा हातोडा, ३१० मिमी उंची, ३ थर, प्रत्येकी २५ ठोके. मॉर्थची (केंद्रीय रस्ते मंत्रालय) टक्केवारी भाग ८ वर, म्हणजे जड प्रॉक्टरवर आहे: ४.९ किलो, ४५० मिमी, ५ थर, ठोके तेवढेच. हिशोब केलास तर ऊर्जा साडेचार पट भरते. आजचे व्हायब्रेटरी रोलर हलक्या प्रॉक्टरला सहज मागे टाकतात, म्हणून असे १०४ दिसतात.

९५ आणि ९७ दोन्ही बरोबर. भरावाला ९५, सबग्रेडला (भरावाचा सगळ्यात वरचा थर, ज्यावर रस्ता बसतो) ९७. खड्डा कुठल्या थरात घेतला ते वहीत लिहिलं नसेल तर भांडण व्हायचंच.

सिव्हिल तिसरं वर्ष, लातूर
प्रॉक्टर हलकाच होता. त्याच मुरमावर जड केला, एमडीडी १.९० आली. म्हणजे ९५.३. भराव पास, पण हाच थर सबग्रेडचा असता तर १.८४ लागली असती आणि नापास. बरोबर ना? वाळूमुळे किती फरक पडतो?

चाळणी ६००
बरोबर. आता वाळू. तिच्या घनतेत ३ टक्के चूक म्हणजे निकालात सरळ ३ टक्के, मध्ये काही जिरत नाही. १ मिमीतून गेलेली आणि ६०० मायक्रॉनवर राहिलेली, स्वच्छ, ओव्हनमध्ये सुकवलेली वाळू घे. कॅलिब्रेशन (वाळूची घनता ठरवणं) कोरड्या दिवशी करून वाळू तशीच उघडी ठेवली आणि पावसाळी हवेत वापरली, तर ती ओल धरते, नीट वाहत नाही, सैल बसते. त्याच खड्ड्यात कमी ग्रॅम जातात, घनफळ कमी निघतं आणि दबाई फुगते. उलट शेजारून रोलर जात असेल तर वाळू हादऱ्याने दबते, जास्त भरते आणि चांगला थर नापास होतो. वाळूच्या सिलिंडरचं शटर उघडं असताना रोलर थांबवायलाच लावायचा, यात भीड नको.

ट्रेखाली फट राहिली तरी वाळू जास्त जाते. पृष्ठभाग आधी सपाट खरवडून घे. खड्ड्यातला कणन् कण ट्रेमध्ये आला पाहिजे, आणि ओलाव्याचा नमुना लगेच हवाबंद डबीत. आपल्याकडच्या उन्हात दहा मिनिटांत टक्काभर उडायला वेळ लागत नाही.

मुरमात मोठे दगड असतील तर १०० मिमीचा खड्डा फसवतो. एक दगड आला की आकडा वर. २०० मिमीचा मोठा सिलिंडर घे. प्रॉक्टर २० मिमीखालच्या मालावर होतो आणि खड्ड्यात त्याहून मोठे दगड असतात, म्हणून ते वेगळे तोलून दुरुस्ती कर.

काळी भुई
कोअर कटर मुरमात चालवायचाच नाही. तो बारीक मातीसाठी आहे, किमान ९० टक्के माती ४.७५ मिमीतून गेली पाहिजे.

काळ्या मातीत चालतो, पण वेळ सांभाळ. आतला व्यास १०० मिमी, उंची १२७.३ मिमी, घनफळ साधारण १००० घसेमी. तरी प्रत्येक कटर स्वतः मोजून घे, झिजलेला कटर तेवढा राहत नाही. वरचा सुकलेला पापुद्रा खरवड, वर डॉली (कटरवर बसणारी कडी) ठेव, हातोड्याने सरळ ठोक आणि डॉली साधारण १५ मिमी वर राहिली की थांब. हलवून ओढून काढू नकोस, भोवती खणून खालून मातीसकट उचल. दोन्ही तोंडं सुरीने सपाट काप. ओलाव्याची माती गाभ्यातून घे.

थर सुकून भेगाळला की कटर ठोकताना ढेकळं फुटतात आणि घनता कमी दिसते. म्हणून दबाई झाली त्याच दिवशी चाचणी. काळ्या मातीत कार्बाइड मीटरवर एकट्या विसंबू नकोस. ढेकूळ फुटलं नाही तर आतला ओलावा कार्बाइडला भेटतच नाही आणि काटा कमी दाखवतो. पोलादी गोळे टाकून नीट हलव, आणि काही नमुने १०५ ते ११० अंशांवर २४ तास ओव्हनमध्ये ठेवून ताडून बघ.

आणि बांध रस्त्याचा असेल तर आधी फ्री स्वेल (माती पाण्यात किती फुगते ते) काढ. ४२५ मायक्रॉनखालची माती प्रत्येकी १० ग्रॅम, एक सिलिंडर पाण्याचा, एक रॉकेलचा, २४ तास. ५० टक्क्यांच्या वर फुगली तर मॉर्थप्रमाणे ती भरावात चालतच नाही, मग दबाई ९८ आली तरी उपयोग काय? सबग्रेडला तर एमडीडीच किमान १७.५ किलोन्यूटन प्रति घनमीटर, म्हणजे १.७८ लागते. काळी माती बहुतेकदा तिथवर पोचत नाही, म्हणून वरचा थर मुरमाचा आणतात.

सिव्हिल तिसरं वर्ष, लातूर
खड्ड्यातून काढलेली वाळू परत वापरली तर चालेल?

चाळणी ६००
चाळून, धुऊन, सुकवून आणि पुन्हा कॅलिब्रेट करून. नाहीतर नवी घे.