प्रतिसाद: आयरिशमधला तो 'त' आला कुठून?

'वडील' या अर्थाच्या 'आहिर'ला आयरिश भाषेतलं 'अन्' हे उपपद (इंग्रजी 'the'सारखं) लागलं की 'अन् ताहिर' होतं, तिथला 'त' केवळ उच्चाराच्या सोयीसाठी घुसला, हे वर आलेलं मत पटत नाही. सोयच हवी होती तर षष्ठीत 'अन् आहर' असा 'त'विना प्रयोग कसा चालतो? कारण जुन्या प्रत्ययात आहे. प्रोटो-केल्टिकमध्ये (आयरिशची पूर्वज भाषा) याच उपपदाची पुल्लिंगी प्रथमा 'सिन्दोस्'. शेवटच्या 'स'चा आधी 'ह' झाला, मधला स्वर गळाला आणि 'द' अधिक 'ह' मिळून 'त' उरला. षष्ठी 'सिन्दी' स्वरान्त, तिथे 'ह' नाहीच, मग 'त' कुठून येणार? स्त्रीलिंगी 'सिन्दा'सुद्धा स्वरान्त, म्हणून पुढचं व्यंजन मऊ पडतं: 'ब्यान' (बाई), पण 'अन् व्यान'. गंमत म्हणजे 'सूल' (डोळा) स्त्रीलिंगी, तरी 'अन् तूल'. इथला 'ह' उपपदाचा नाही, नामाच्याच मऊ झालेल्या 'स'चा. घटक तेच, फक्त 'ह' पलीकडच्या बाजूने आला.

राहिला 'सिन्दोस्'च्या सुरुवातीचा 'स'. तो पुरता गेला असंही नाही. जुन्या आयरिशमध्ये काही शब्दयोगी अव्ययांनंतर तो टिकला: 'इ' (मध्ये) पासून 'इसिन', 'ला' (सोबत) पासून 'लासिन'. आजच्या 'सा' आणि 'लेश अन्' मधला ऊष्म वर्ण तोच. गॉलिशमध्ये (प्राचीन फ्रान्समधली केल्टिक भाषा) तर फ्रान्समधल्या लार्झाकच्या शिशाच्या पत्र्यावर (सापडला 1983 मध्ये) 'सिन्दे' चक्क कोरलेलं आहे. नपुंसकलिंग मात्र या साच्यात कोंबू नका. गॉलिश शिलालेखात 'सोसिन नेमेतोन' (हे पवित्र स्थान) असं वेगळंच रूप दिसतं.