तोतया कोणाला म्हणायचं?

तिसरा मजला
आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोटो आणि नाव लावून कुणीतरी व्हॉट्सॲपवर खातं उघडलं आणि सभासदांकडे "अर्जंट आहे, पाच हजार टाका" सुरू केलं. दोघांनी टाकलेही. आता फलकावर सूचना लावायची आहे. मी लिहिलं, "सेक्रेटरींच्या तोतया खात्यापासून सावध राहा." त्यांना तो शब्द ऐतिहासिक नाटकातला वाटतो, 'बनावट' लिहा म्हणतात. दोन्ही एकच का? आणि बहुरूपी, भोंदू यांच्यापासून तोतया नेमका वेगळा कुठे पडतो?

जुना मुद्रितशोधक
खातं बनावट, माणूस तोतया. नोट, सही, दाखला हे बनावट असतात. तोतया व्हायला हाडामांसाचा माणूस लागतो.

शब्द नाटकी वाटतो तो पानिपतामुळे. १४ जानेवारी १७६१ ला सदाशिवरावभाऊ रणात पडले, पण ते गेले यावर कित्येकांचा विश्वास बसेना. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी तर शेवटपर्यंत वैधव्य पत्करलं नाही. अशा हवेत बुंदेलखंडाकडचा सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण 'मीच भाऊ' म्हणून उभा राहिला. त्याला पकडून कैदेत टाकलं. १७७६ मध्ये तो रत्नागिरीच्या कैदेतून सुटला आणि कोकणातले किल्ले नि माणसं भराभर त्याच्या बाजूला गेली. त्याच वर्षी पुन्हा धरला गेला आणि पुण्यात त्याला देहान्त शिक्षा झाली. त्याच लढाईतले सरदार जनकोजी शिंदे, त्यांचाही तोतया निघाला होता.

गंमत अशी की तेव्हाचा तोतया कुणाचा तरी असे. भाऊंचा तोतया, जनकोजींचा तोतया. मागे षष्ठी हवीच, कारण खरा कोण हे ठाऊक असल्याशिवाय खोट्याला काही किंमतच नाही. आज पेपरात 'तोतया पोलीस', 'तोतया डॉक्टर', 'तोतया सीबीआय अधिकारी' असतात. ते कुठल्या एका पोलिसाचे किंवा डॉक्टरचे तोतये नव्हेत. नाम होतं ते विशेषणासारखं वापरात आलं, आणि माणसाच्या जागी हुद्दा आला. तुमच्या सेक्रेटरींचं प्रकरण मात्र अस्सल जुन्या चालीचं, षष्ठीतलं.

कोर्टाची पायरी
काका, कायद्यात ही दोन्ही रूपं पहिल्यापासून सामावलेली आहेत. भारतीय दंड संहितेच्या कलम ४१६ मध्ये तोतयेगिरीने केलेल्या फसवणुकीची व्याख्या होती. खालच्या स्पष्टीकरणात म्हटलं होतं की ज्याचं रूप घेतलं तो माणूस खरा असो की काल्पनिक, गुन्हा होतोच. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१९ मध्ये आलं, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत होती ती पाच वर्षांपर्यंत झाली. लोकसेवक असल्याचं भासवणं हा वेगळा गुन्हा, कलम २०४.

फिर्यादीत मात्र मला जास्त करून "पोलीस असल्याची बतावणी करून" हेच वाचायला मिळतं. बतावणी खरी तमाशातली, गण-गवळणीच्या पुढची. ती ठाण्यात येऊन बसली आणि कुणाला खटकतही नाही.

शाळामास्तर
निवडणुकीच्या ड्युटीवर तोतयाशी आमची गाठ पडते. मतदार तोतया आहे असा संशय आला तर उमेदवाराच्या प्रतिनिधीला दोन रुपये भरून आक्षेप घेता येतो. केंद्राध्यक्षाने तिथल्या तिथे चौकशी करायची, खरं ठरलं तर माणूस पोलिसांकडे. आणि खरा मतदार नंतर आला, तर त्याचं 'प्रदत्त मत' मतपत्रिकेवर घ्यायचं. इतके नेमके शब्द असूनही सगळं गाव त्याला 'बोगस मतदान' म्हणतं.

वेशीपाशी
बहुरूप्याला या रांगेत बसवू नका, मास्तर. आमच्याकडे तो फौजदाराचा वेष करून दारात यायचा, "वॉरंट आहे, चला ठाण्यावर" म्हणून दरडावायचा. पोरं घाबरून माजघरात. आजी सुपातून जोंधळे घेऊन बाहेर यायची आणि विचारायची, "कारे, मागच्या साली तर देव होतास ना?" तो हसायचा, तीही हसायची. ओळखला गेला की त्याला दाणे मिळायचे. तोतया ओळखला गेला की पळ काढतो. सोंग दोघांचंही, पण एकाचं सोंग सगळ्यांना माहीत असतं.

भोंदूचं आणखी निराळं. तो दुसऱ्या कुणाचं नाव घेत नाही. नाव स्वतःचंच, अंगातली शक्ती तेवढी खोटी.

तिसरा मजला
'तोतयेगिरी' की 'तोतयागिरी'?

जुना मुद्रितशोधक
दोन्ही छापलेलं सापडेल. मी आयुष्यभर 'या'चा 'ये' करत आलो, सवय आहे. अनेकवचन तोतये, रुपया-रुपये सारखं. स्त्रीलिंगी रूप मात्र रुळलेलं नाही, म्हणून बातमीत 'तोतया महिला पोलीस' असा तीन डब्यांचा शब्द जोडावा लागतो.

तिसरा मजला
मजकूर ठरला: "सेक्रेटरींच्या नावाने बनावट खाते उघडून एक तोतया पैसे मागत आहे. कोणीही देऊ नयेत." सेक्रेटरींनी सही करण्याआधी "त्यांच्या संमतीशिवाय" एवढं घालायला लावलं. म्हटलं, संमतीने कोण तोतया ठेवतं? तरी घातलं.