मदत हवी आहे: डाउनलोडच्या बाजूचं मार्किंग (पॅकेटवर खूण करणं) लागूच होत नाही (ओपनडब्ल्यूआरटी, आयपी फोन)

नमस्कार मंडळी,

साताऱ्यात मामेभावाचं ट्रॅव्हल्सचं बुकिंग ऑफिस आहे. नेटवर्किंग हा माझा धंदा नाही, पण 'तुला कॉम्प्युटरमधलं कळतं' म्हणून सगळं माझ्या गळ्यात. सहा आयपी फोन, चार पीसी, १०० एमबीपीएसचं फायबर, राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी २३.०५ (राउटरसाठीची लिनक्स सिस्टिम).

कोणी मोठी फाइल उतरवायला लावली किंवा विंडोजचं अपडेट सुरू झालं की समोरच्याचा आवाज तुटतो. आमचा त्याला नीट जातो, त्याचाच आम्हाला येत नाही. परवा गिऱ्हाईक म्हणालं 'चौदा', इकडे ऐकू आलं नुसतं 'चौ'. काउंटरवरच्या पोरीने चौतीस नंबर टाकला. आजीबाई मागच्या चाकावर आदळत मुंबईला गेल्या आणि उतरल्यावर त्यांनी फोन केला. तो मात्र खणखणीत ऐकू आला.

बँडविड्थ कमी पडत नाही एवढं कळलंय. फोन जी ७११ (आवाज अंकांत बदलायची पद्धत) वर चालतात, म्हणजे दर २० मिलिसेकंदाला एक पॅकेट, एका दिशेला ८० केबीपीएस. सहाही फोन चालू असले तरी अर्धा एमबीपीएस होत नाही. अडतंय ते रांगेत.

वॅनवर, म्हणजे राउटरच्या इंटरनेटकडच्या बाजूला, टीसीपीडम्प (पॅकेटं दाखवणारं टूल) लावून पाहिलं. फोनकडून जाणाऱ्या पॅकेटवर डीएससीपी (पॅकेटवरचा प्राधान्याचा आकडा) ४६, म्हणजे ईएफ, 'याला आधी सोडा', व्यवस्थित आहे. येणाऱ्यावर शून्य. वाटेत कोणीतरी पुसतंय, तेव्हा आत येणारा ट्रॅफिक मलाच ओळखून घ्यायला हवा.

म्हणून एनएफटेबल्सच्या (लिनक्सचं फायरवॉल) प्रीराउटिंगमध्ये (पॅकेट कुठे पाठवायचं ते ठरण्याआधीचा टप्पा) नियम लिहिला: फोन सर्व्हरकडून आलेल्या यूडीपीला मार्क १. वॅनवर येणारं सगळं आयएफबीवर (येणाऱ्या पॅकेटांना रांग लावायचा आभासी इंटरफेस) वळवलं, तिथे एचटीबी (क्लासांत वेग वाटून देणारी रांग), एकूण ९० एमबीपीएस, आवाजाचा एक क्लास आणि बाकीच्यांचा एक, दोन्हींखाली एफक्यू-कोडेल (रांग लांबू न देणारी पद्धत). मार्क १ असेल तर आवाजाच्या क्लासमध्ये.

कॉल लावला की नियमाचा काउंटर पळतो, पण आवाजाचा क्लास शून्यावरच. मग मार्क सोडून आयएफबीवर थेट फोनच्या पत्त्याचा, १९२.१६८.१.२१ चा, फिल्टर लावला. तोही शून्य! दोन रात्री गेल्या. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १
२०० ची लाइन घ्या, विषय संपला.

धागाकर्ता
घेतली असती हो, पण डाउनलोड २०० पण भरून टाकतं. आवाज तेव्हाही तुटणारच.

प्रतिसाद २
नियम बरोबर आहेत, क्रम चुकलाय. कार्डावरून पॅकेट आत आलं की आधी टीसीचा (लिनक्समधलं रांगा सांभाळणारं टूल) इनग्रेस, म्हणजे आत येण्याचा टप्पा, लागतो, नेटफिल्टर (ज्यावर तुमचं एनएफटेबल्स चालतं) त्यानंतर. तुमचं पॅकेट आयएफबीच्या रांगेतून बाहेर पडतं आणि मग प्रीराउटिंगला पोचतं. म्हणजे वरात निघून गेल्यावर तुम्ही अक्षता वाटताय. काउंटर पळणारच, उपयोग शून्य.

दुसरा फिल्टरही त्याच कारणाने फसला. तिथे नॅट (आतल्या पत्त्यांऐवजी वॅनचा पत्ता लावणं) अजून उलटलेलं नसतं, त्यामुळे येणाऱ्या प्रत्येक पॅकेटवर पत्ता तुमच्या वॅनचा. १९२.१६८ वालं काही तिथे दिसणारच नाही.

उपाय जाणाऱ्या बाजूने करा. फोन स्वतःच ४६ लावून देतोय ना, मग फॉरवर्डमध्ये (राउटरमधून पुढे जाणाऱ्या पॅकेटांचा टप्पा) लिहा: पॅकेट फोनच्या पत्त्यांवरून आलेलं आणि डीएससीपी ईएफ असेल, तर कनेक्शनवरच, म्हणजे सीटी मार्कमध्ये, १ टाका. पत्त्याची अट गाळू नका, नाहीतर उद्या कोणताही पीसी ४६ लावून पुढे घुसेल. मग वॅनच्या इनग्रेस फिल्टरमध्ये वळवण्याच्या आधी कनमार्क ही ॲक्शन लावा. ती कनेक्शन शोधून त्याचा मार्क पॅकेटवर उतरवते, आयएफबीवरचा तुमचा मार्कचा फिल्टर आहे तसा चालेल. त्याचं कर्नल मॉड्यूल वेगळं टाकावं लागतं. डीएससीपीच परत लिहायचा असेल तर सीटीइन्फो ही ॲक्शन आहे, कर्नल ५.३ पासून.

राउटरवरून लॅनकडे (ऑफिसच्या आतल्या नेटवर्ककडे) जाणाऱ्या बाजूला शेपर (वेग अडवणारी रांग) लावला तर आयएफबीची कटकटच नको, तिथे मार्कही दिसतो आणि आतला पत्ताही. पण गेस्ट वायफाय वेगळ्या इंटरफेसवर असेल तर ते हिशोबातून सुटतं. मी तरी कनमार्कच वापरीन. हार्डवेअर ऑफलोडिंग चालू असेल तर आधी बंद करा, नाहीतर पॅकेटं या रांगा टाळून थेट चिपमधून जातात.

प्रतिसाद ३
मुळात लाइनवरून येऊन पोचलेल्या पॅकेटला इथे शिक्का मारून काय मिळतं? गर्दी तर पलीकडे झाली.

प्रतिसाद २
नुसत्या शिक्क्याने काहीच नाही. म्हणून तर ९० ला अडवायचं. रांग प्रोव्हायडरकडे न लागता आपल्या राउटरवर लागते आणि पुढे कोणाला सोडायचं ते आपल्या हातात येतं. इथे पॅकेट गळालं की टीसीपी पलीकडून वेग कमी करतं. १०० ठेवलंत तर रांग पुन्हा तिकडे.

धागाकर्ता
झालं! ऑफलोडिंग खरंच चालू होतं, ते काढलं. कनमार्कचं मॉड्यूलही नव्हतं, एरर तिथूनच येत होती आणि मी फिल्टरची भाषा तपासत बसलो होतो.

एका पीसीवर मोठं डाउनलोड लावून दोन फोनवर कॉल चालू ठेवले आणि दहा सेकंद मोजले. आवाजाच्या क्लासचा काउंटर हजाराच्या आसपास वाढला, सेकंदाला ५० पॅकेटं गुणिले दोन फोन, हिशोब जुळतो. पलीकडून भावाला मुद्दाम 'चौदा, चौतीस, चोवीस' म्हणायला लावलं. तिन्ही ऐकू आले.