मदत हवी आहे: अंजिराच्या काड्यांना पानं फुटली, मुळं नाहीत

नमस्कार मंडळी. थंडीला टिकणाऱ्या 'शिकागो हार्डी' अंजिराच्या ६ काड्या ५ आठवड्यांपूर्वी ओलसर कोकोपीटमध्ये लावल्यात. झाड सुप्तावस्थेत असताना कापलेल्या, पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब. चार काड्यांना पानं फुटली, फार आनंद झाला. पण काल एक हळूच उपसून पाहिली तर सालीवर नुसते पांढरे फोड, मूळ एकही नाही. घट्ट आहेत, पुसले जात नाहीत, म्हणजे बुरशी नसावी. मुळं इथूनच फुटतील ना? पानं काडीतला साठा संपवतील म्हणून खुडावीत का?

आणखी एक. या जातीचा शेंडा थंडीने जळाला तरी बुडातून फुटून नव्या फांदीवर फळ येतं, पण कोवळं रोप पहिल्याच हिवाळ्यात बाहेर ठेवायचा धीर होत नाही. तुम्ही किती वर्षं कुंडीत, आडोशाला सांभाळलंत?