पासपोर्ट पाहून प्रयोगशाळेचं दार उघडायचं का?

रात्रपाळी
अमेरिकेत पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, करतो. गेल्या आठवड्यात बैठक सुरू होताच सरांनी मला आणि एका इराणी सहकाऱ्याला बाहेर थांबायला सांगितलं. कारण, संरक्षण खात्याच्या नव्या कंत्राटातलं डिझाइन निर्यात-नियंत्रित आहे, म्हणजे परवान्याशिवाय परदेशी हाती देता येत नाही. इथे निर्यात व्हायला माल बंदरातून निघावा लागत नाही. परदेशी नागरिकाला याच खोलीत ती माहिती दाखवली, तरी ती त्याच्या देशात गेली असं कायदा धरतो. ग्रीन कार्डवाल्यांना ही आडकाठी नाही. पण भारतीयांची ग्रीन कार्डची रांग किती लांब आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच यंत्रावर पाच वर्षं रात्री जागवलेला मी परका, आणि परवा आलेला नागरिक विद्यार्थी आतला. मला हे चूक वाटतं. 1985 साली रेगन सरकारनेच धोरण ठरवलं होतं की मूलभूत संशोधन शक्य तितकं खुलं राहावं, आणि काही झाकायचंच असेल तर ते रीतसर गोपनीय जाहीर करावं. हे मधलं अर्धवट दार कशाला?

नियमावली
मी एका विद्यापीठात हे निर्यात-नियम पाळले जातात का ते बघते, म्हणून विरोधात लिहिते. टेनेसी विद्यापीठाचे प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) शास्त्रज्ञ जॉन रीस रॉथ यांचं प्रकरण आठवा. हवाई दलाच्या पैशावर ड्रोनसाठी काम चालू होतं, त्यावर चिनी आणि इराणी विद्यार्थी घेतले. विद्यापीठाने सावध केलं, तरी 2006 मध्ये ते संबंधित कागदपत्रं घेऊन चीनला गेले. 2008 मध्ये दोषी ठरले, पुढच्या वर्षी चार वर्षांची शिक्षा झाली. वय सत्तरीपार. हे काही मूलभूत संशोधन नव्हतं. मूलभूत संशोधनाला या नियमांतून सूट असते, पण निष्कर्ष छापण्यावर बंधन घालणारं कंत्राट सही केलं की ती आपोआप जाते. तुमच्या सरांनी तुम्हाला बाहेर बसवून तुमचंही रक्षणच केलं.

रात्रपाळी
रॉथ यांची बाजू मी घेत नाही. पण सही सरांनी केली, निधी विभागाला मिळाला, आणि शोधनिबंधातून नाव कुणाचं गळणार? माझं. कंत्राट घेण्याआधी ग्रुपला विचारायला काय हरकत होती?

जुना_पुणेकर
बंधनांना इतकं घाबरू नका. 1987 च्या सुमारास अमेरिकेने बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेला हवा तो क्रे कंपनीचा महासंगणक दिला नाही. पुढच्याच वर्षी पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था उभी राहिली, आणि 1991 मध्ये परम 8000 हा देशी महासंगणक तयार झाला. मी तेव्हा गणेशखिंडीच्या रस्त्याने रोज जायचो. त्या दिवसांतला अभिमान अजून अंगावर काटा आणतो.

चाफेकळी
काका, अभिमान मलाही आहे, पण उदाहरण इथे बसत नाही. परमच्या मागे सरकार उभं होतं, पैसा होता. एकट्या पोस्टडॉकच्या मागे कोण आहे? आणि आपण तरी कुठे नियमांच्या बाहेर आहोत? आपल्याकडे निर्यातीवर बंधन असलेल्या वस्तू-तंत्रज्ञानाची स्कोमेट यादी आहे, 2005 चा सामूहिक संहाराच्या शस्त्रांबाबतचा कायदा आहे. यादीतलं तंत्रज्ञान ईमेलने बाहेर पाठवलं तरी ती निर्यातच. आमच्या विभागात हे कुणी कधी शिकवलं नाही. परदेशी सहलेखकाला फाइल पाठवण्याआधी किती जण ती यादी उघडून बघतात?

नियमावली
इथे मी तुमच्याशी सहमत. रात्रपाळी, ग्रुपला आधी विचारायला हवं होतं हेही मान्य. मी काम करते तिथे प्रस्ताव जायच्या आधीच परदेशी सदस्यांची नावं मागतो. मग काम दोन भागांत तोडता येतं, खुला भाग वेगळा. परवाना हवा असेल तर अर्जालाही वेळ मिळतो. पण दार सगळ्यांना सताड उघडं ठेवा, हे मी म्हणणार नाही.

रात्रपाळी
दोन भागांत तोडायचं, हे आम्हाला कुणी सुचवलंच नव्हतं. गुरुवारी सरांना भेटतोय. प्लाझ्माचं मोजमाप हा खुला भाग होऊ शकतो, तो लेखी वेगळा करून मागतो. नियम मात्र अजूनही पटलेला नाही.